तीव्र आम्ले

कुताइसी, चौथा मजला.
फ्रिज उघडला की दार अडतं,
दार उघडलं की जुम्बेर.

पाकिटात सहाशे लारी.
सिंक दोनशे दहा, नळ पुतण्याचा,
ओटा खडूनं फरशीवर आखला
आणि आठवडाभर त्या रेघांना वळसा घालून
चहा करत राहिलो.

मग सात नंबरची शाळा मोडीत निघाली.
रसायनाच्या प्रयोगशाळेतलं कपाट
चाळीसला पडलं, हमाली वेगळी.
रंधा मारला, पाय चार बोटं कापले;
एका कप्प्यावरची पितळी पट्टी तेवढी निघेना:
तीव्र आम्ले.
असू दे, म्हटलं.

आता तिथं आंबट आलुबुखारांच्या चटणीच्या
अकरा बाटल्या.
जुम्बेर चोरून बोट बुडवतो,
म्हणून कुलूप लावते.
किल्ली शोधावी लागली नाही.
निवृत्त झाले त्या दिवसापासून
माझ्याच पर्समध्ये होती.