काठावर पास

चिलोए बेटावर शाळेत सातापैकी गुण देतात.
चार म्हणजे पास.
कंपनीची प्रश्नावलीही म्हणून सातापर्यंतच:
कामाबद्दल समाधान किती,
जोडीदाराबद्दल किती, घराबद्दल किती.
एका घराला वीस मिनिटं,
आणि चिखलात गेलेल्या बुटांचे पैसे वेगळे नाहीत.

नोल्फा बार्रीयाच्या दारात मी बूट काढले तेव्हा
चुलीवर जांभळे बटाटे उकडत होते
आणि तिच्या बोटांना अजून साल्मनचा वास होता.
बारा वर्षं रात्रपाळी.
चिमट्याने माशांचे काटे उपटायचे,
सकाळी झोपायचं, तर पापणीआड पुन्हा काटेच.
"काम?" मी विचारलं.
"पाच. ऑर्फेलिना रजेवर असली की तीन."
ऑर्फेलिना कोण, याला कागदावर जागा नव्हती.
पट्ट्याच्या पलीकडे उभी असते, म्हणे,
आणि पहाटे चारला, सगळ्यांचे पाय गळतात तेव्हा,
मुकादमाच्या चालण्याची नक्कल करते.

"जोडीदार?"
ती बटाट्यात काटा खुपसून बघत राहिली.
"चार."
मी चार लिहिला.
मग, विचारायचं नसतं तरी विचारलं: चारच?
"पास आहे ना," ती म्हणाली, "काठावर."
खिडकीबाहेर ओहोटी लागली होती,
पाणी घरापासून कितीतरी लांब गेलेलं.

तेवढ्यात एर्विन आला.
तो पाणबुड्या आहे. जाळ्यांच्या तळाशी उतरतो,
मेलेले मासे पोत्यात भरून वर पाठवतो.
उजवा कान समुद्राने कधीच ठेवून घेतला.
तो बसला,
आणि ती, माझ्याशी बोलता बोलताच,
टेबलाला वळसा घालून त्याच्या डाव्या हाताला जाऊन बसली.
मुलगा शाळेतून आला, तोही डावीकडून "आलो" म्हणाला.
कुत्रासुद्धा तिकडेच.
भांडी, पाव, मीठ, माणसं,
सगळं घर एका बाजूला कललेलं, होडीसारखं,
आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

उजवीकडची खुर्ची पाहुण्यांची.
माझा प्रत्येक प्रश्न त्याच्या मेलेल्या कानावर पडायचा,
तिकडून ती उचलायची आणि जिवंत कानात घालायची,
वाटेत थोडा बदलूनही, मला शंका आहे.

"मार्चमध्ये यायला हवं होतंत," ती म्हणाली.
"छपरासाठी साठवलेले पैसे ह्याने
होडीच्या इंजिनात घातले. न विचारता.
एकवीस दिवस मी तुम्ही बसलाय तिथे बसले.
बोलत होते सगळं. अगदी सगळं.
तेव्हा दोन दिले असते."
छपराकडे पाहिलं. तिथे अजून बादली टांगलेली होती.

मी एर्विनला विचारलं, बायकोला किती गुण?
नोल्फाने प्रश्न पोचवला, खांदे उडवत.
तो बटाटा सोलत म्हणाला,
"आज कुठे बसलीय ती?"
आणि दोघं हसली,
मला समजायच्या आत संपलेलं हसू.

परतीच्या फेरीबोटीत मी कागद लावत बसले.
कामावर घेताना आम्हालाही हीच प्रश्नावली भरायला लावली होती.
जोडीदार: सहा, असं मी लिहिलं होतं, पटकन,
शेजारी कुणी पाहत नाही ना, हे पाहून.
पोर्तो मोंतला आमचं छप्पर गळत नाही.
दोघांचे मिळून चारही कान शाबूत.
जेवताना मी कुठे बसते ते आठवायला
मला खाडीचं अर्धं पाणी ओलांडावं लागलं,
आणि तरी नीट आठवलं नाही.

शेवटच्या पानावर 'इतर' अशी एक ओळ असते.
नोल्फाच्या कागदावर तिथे मी लिहिलं: डावीकडे.
उद्या ऑफिसातून फोन येईल, हे काय म्हणून.

निघताना तिने दोन बटाटे वर्तमानपत्रात बांधून दिले होते.
एक मी बोटीतच खाल्ला, उभ्याने, मिठाशिवाय.
दुसरा कोटाच्या खिशात ठेवला.
घरी पोचेपर्यंत तो गरम राहणार नव्हता.