उतरवून काढताना

मेडिकलची खोली नंबर एकोणीस.
कुलर फार खडखडतो, म्हणून तो बंद करते
आणि रेकॉर्डर सुरू.
मे महिना. बोलण्याआधीच दोघांना घाम.
समोर सुखदेव रामटेके, वय सहासष्ट,
एकतीस वर्षं सिटी बसचे कंडक्टर.
उजवा हात मांडीवर ठेवलाय,
कुणी सांभाळायला दिलेल्या पिशवीसारखा.

चित्र दाखवते: विहिरीवर बाई, दोर तुटलेला,
पोरगं झाडावर, कुत्रं पायरीशी.
"काय चाललंय? सांगा, जमेल तसं."
ते बघतात. बराच वेळ नुसतं बघतात.
"ती... ती... तिकीट."
मग काहीच नाही. मी कंसात लिहिते: नऊ सेकंद.
"तिकीट वर. अन् हे... काहून... तुटलं नं बाप्पा!"

रात्री घरी उतरवून काढते,
कानात हेडफोन, पुढे, मागे, परत मागे.
एकूण शब्द एक्केचाळीस.
चित्राला धरून असलेले पाच.
'तिकीट' सतरा वेळा, गुण शून्य.
'बाप्पा' कोणत्या रकान्यात घालू?

पुढच्या खेपेला कवतिकाबाई सोबत आल्या.
चित्र तेच, तिकीटही तेच.
पदरानं मान पुसत म्हणाल्या,
"मॅडम, नीट ऐका ना.
भाजीत मीठ कमी पडलं का याइचं तिकीट आखूड असते.
नात आली का लांबते.
अन् हे आताचं, ते म्हणून राहिले
का त्या पोराले कोणी खाली उतरवा."

टेप मागे नेली.
खरंच, 'की' वर चढतो, 'ट' खाली यायला तयार नाही.
आणि डाव्या हाताचं बोट झाडाकडेच होतं म्हणे.
रेकॉर्डरला डोळे नाहीत.
मी सेकंद लिहीत होते.

जाता जाता सहज विचारलं,
मानेवाड्याची गाडी कुठून जायची हो?
"बर्डी, कॉटन मार्केट, बैद्यनाथ, मेडिकल..."
एका दमात, कुठेही न अडखळता.
मेडिकलला थांबले.
खोली पाहिली, बंद कुलर, मी, टेबलावरचं चित्र.
"उतरा," म्हणाले.

पाठ असलेलं बोलणं मोजायचं नसतं, तसा नियम आहे.
चार थांबे मी खोडले.
'उतरा' कुणाला होतं?
प्रवाशांना, मला, की झाडावरच्या त्या पोराला?
कवतिकाबाईंना विचारायचं राहून गेलं.
अहवाल सोमवारी द्यायचाय,
आज शनिवार, आणि तो एक रकाना
मी पेन्सिलनं भरते, खोडते.