आडवं पलटा

एकोणपन्नास रुपयांना सहा चित्रं घेतली:
किटली, छत्रीवाली पोरगी, पत्रपेटी,
आणि गळ्यात मफलर घातलेला एक काटेरी प्राणी
जो अख्ख्या वडगावात कुणी पाहिलेला नाही.
अप्पा म्हणाले, "शिक्के घेतलो म्हणतीस,
मग हाईत कुठं?"
फोन दाखवला.
त्यांनी काचेवर अंगठा दाबून पाहिला.
अंगठ्याला काही लागलं नाही.

तीस वर्षं कोर्टाच्या आवाराबाहेर,
टायपिस्ट आणि शहाळीवाला यांच्या मधे
त्यांचं टेबल होतं. ब्लेडनं रबर कोरायचे.
खरी नक्कल. रोख मिळाले. आवक क्रमांक.
रबर झिजतं. आधी ळ जातो म्हणे, मग अनुस्वार.
माझे शिक्के झिजत नाहीत
याचं त्यांना कौतुक नाही,
थोडा संशयच आहे.

जाड कागद घरच्या प्रिंटरला पचत नाही.
शहापुरात मुतगेकरांच्या झेरॉक्सवर जाते,
मागून एकेक कागद हातानं सारते.
तिथली रेघ पाण्यानं फुटत नाही;
घरच्या शाईची किटली ब्रश लागताच
निळी होऊन पोरीच्या फ्रॉकवर सांडली होती.
मग गालाला आधी पाणी, नंतर गुलाबी.
छोट्या कात्रीनं कडेकडेनं कापायचं,
मागं फोमचे तुकडे, की चित्र
कागदापासून दाणाभर वर उठतं.
घडीची रेघ संपलेल्या पेनानं.

मार्गशीर्षात बैलहोंगलच्या गौरव्वा पट्टणशेट्टी आल्या.
भाच्याचं लग्न, चाळीस कार्डं.
"आत कन्नडात पाहिजे. फोनमधलं अक्षर नको बाई,
बसच्या पाटीसारखं दिसतंय. हातचं लिवा."

माझं कन्नड बाजारात भाव पाडायला पुरतं.
लिहायला बसले की सातवीची वही होते.
पाच कागद फुकट गेले.

"काय करायलीस गे?"
सांगितलं.
"शुभाशयगळु," अप्पा म्हणाले. "आण पेन."

अप्पांना कन्नड वाचता येत नाही.
डोळे मिटून अक्षरं गोळा करत गेले:
शु गुरांच्या दवाखान्याच्या शिक्क्यातला, पशुमधला.
भा वन विभागाचा.
श कुठल्याशा निर्देशकाचा, बदली झाली त्याची.
य कार्यालयातला, "त्यो सगळीकडं असतोय."
आणि गळु जिल्हाधिकाऱ्यांच्या शेपटीचं;
तिथं माणूस एकच असला तरी
अनेकवचन लागतं.

उजवीकडून डावीकडं, पेन न उचलता.
कागदावर जे उतरलं ते मला वाचता येईना,
गौरव्वांनाही आलं नसतं.
"उलटंच येतंय मला," ते म्हणाले.
"सुलटं करायचं काम शाईचं."

फोटो काढला. कागदाचा करडेपणा पुसला,
काळं तेवढं राखलं.
एक बटण असतं: आडवं पलटा.

दाबलं.

अप्पा चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.
"शाई किती लागली?"
"काहीच नाही."
"आणि जोर?"
"तोही नाही."
भिंतीवरच्या घड्याळाकडे उगाच पाहून घेतलं त्यांनी.
मग म्हणाले, "ळची शेपटी लांबली. पुसता येतंय?"
"येतं की."
"नको. ऱ्हाऊ दे."

चाळीस कार्डांत चाळीस वेळा तीच शेपटी.
गौरव्वांनी एक उघडलं, लांब धरलं, जवळ आणलं.
"कोण लिवलं हे? आमच्या ऊरच्या
पंचायतीच्या दाखल्यासारखं दिसतंय."
हसल्या, पदर सावरला,
आणि आणखी दहा सांगून गेल्या.

काल रात्री अप्पांनी विचारलं,
त्या मफलरवाल्या काटेरी प्राण्याला
कन्नडात काय म्हणतात.
पेन हातात होतं.