सहावा रकाना

सोहारच्या बंदराकडून येणारी गाडी
रात्री सव्वादोनला थांबते.
ऑगस्ट. इथे काचांना घाम बाहेरून सुटतो.

रऊफ होडेकर, एकेचाळीस, वेल्डर.
डाव्या पोटरीला पत्र्याची चीर, चार दिवस लपवलेली,
आता गुडघ्यापर्यंत लाल, तापलेली, तुकतुकीत.
डॉक्टर वाएल म्हणतात, शिरेतूनच द्या.
कुपी माझ्या मुठीत. आत पांढरी पूड, मिठाइतकी साधी.

आणि फॉर्म.
सहावा रकाना : हस्सासिया. ॲलर्जी.
"ला," तो म्हणतो. मग "नही."
मग माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून, "नाय."
तिन्ही भाषांत पाठ केलेलं,
व्हिसाच्या मेडिकलला करतात तसं.

दमा?
नाय. (वरच्या खिशातून निळ्या पंपाचं नाक डोकावतंय.)
ब्लडप्रेशरची गोळी?
नाय.
मग पंख्याकडे बघत, "अर्धी. गावाहून आणलेली.
कंपनीला म्हाईत नाय."

मी लिहीत नाही अजून. मनात मांडते आहे :
आधीच अरुंद असलेली छाती.
हृदयाला सबुरीनं घे म्हणणारी ती अर्धी गोळी,
जिच्यामुळे वेळेला ॲड्रेनलिन कडी वाजवत राहतं
आणि आतून कोणी लवकर उठत नाही.
शिवाय शीर. पोटातून जाणारं औषध
ओसरीवर थांबतं, पाय धुतं.
शिरेतलं थेट माजघरात.

सुई ट्रेमध्ये ठेवली
आणि विचारलं आपल्या बोलीत,
लहानपणी कधी सुई टोचल्यावर
अंगावर गांधी उठल्या होत्या का हो?

तो चक्क हसला.
"गांधी? त्या उठल्या व्हत्या की!
आठवीत. घसा पिकलेला. दाभोळच्या डॉक्टरनं टोचलं
नि वेलदूरला परतताना, तर अर्ध्या खाडीत,
ओठ हे असे, डोळे मिटलेले,
गळ्यात कुणी बूच मारल्यागत.
बापानं तांडेलाला सांगितलं, फिरव मागं."

मग हे का नाही सांगितलंत?

"तुम्ही ॲलर्जी विचारलीत.
ही तर गांधी."

डॉक्टर वाएलनी मान वर केली. "गांधी? महात्मा?"
नाही डॉक्टर. पेनिसिलिन. सत्तावीस वर्षांपूर्वीचं.

कदाचित अंग विसरलंही असेल. पुष्कळांचं विसरतं.
पण अडीच वाजता, पाय असा पेटलेला असताना
अंगाची स्मरणशक्ती तपासत नाहीत.
कुपी बदलली. दुसऱ्या कुळातली आणली,
तीही थेंबाथेंबानं,
ॲड्रेनलिन भरून उशाशी,
आणि मी स्टूल ओढून त्याचे ओठ बघत बसले.

खिमलालचे ओठ मी बघितले नव्हते.
तीन वर्षं झाली. हाच पलंग, खिडकीकडचा.
त्यालाही विचारलं होतं, ॲलर्जी?
त्यानं मान हलवली होती, आडवी, अदबीनं,
आणि मी सहाव्या रकान्यात रेघ मारून
दुसऱ्या पलंगाकडे वळले होते.
नंतर त्याचा भाऊ फोनवर काहीतरी सांगत राहिला,
एकच शब्द पुन्हा पुन्हा,
रडताना माणूस जिथे अडखळतो तिथेच तो शब्द होता.
मला तो नीट ऐकू आला नाही.
नेपाळीत गांधीला काय म्हणतात
हे मी नंतर कुणालाही विचारू शकले असते. कँटीनमध्येच तिघे आहेत.

साडेचार. बाटली निम्मी.
रऊफभाई शाबूत, पोटरी अजून तशीच लाल,
पण घोरताहेत, पंप छातीवर.

मधेच जाग आली तर म्हणाले,
"शिस्टर, ते लाल शाईनं नका लिहू.
लाल म्हंजे अनफिट काय? तिकीट काढतील."

लाल म्हणजे लाल, मी म्हटलं. झोपा.
आणि सहाव्या रकान्यात, जागा पुरेना म्हणून
समासातसुद्धा, लिहीत गेले :
दाभोळ, आठवी, खाडी, बूच.

तिकिटाचं मात्र मला खरंच ठाऊक नव्हतं.