एकशे तीस लिटर

कुर्दीननं वजन सांगितलं : ब्याऐंशी.
मी वहीत पेन्सिलीनं लिहिलं.
या लाकडी टपरीत लोकांची वजनं
मी पेन्सिलीनंच लिहिते.

तीस हिवाळे यानं युलिअर खिंडीतला बर्फ बाजूला सारलाय
पहाटे चारला, पिवळ्या यंत्रात बसून.
आता पेन्शन, गुडघ्यात एक स्क्रू,
आणि दुपारभर सिल्वाप्लानाचं हे तळं.
वारा इथे मालोयाहून येतो, जेवणं उरकली की.
आधी पलीकडचं पाणी सुरकुततं,
मग लार्चच्या शेंड्यांना कळतं,
मग माझ्या झेंड्याला.

भिंतीवरच्या सगळ्यात बारक्या फळीकडे त्यानं बोट केलं.
निळी. पंच्याऐंशी लिटर.
"ती लदीनाची," मी म्हटलं. "माझी पोर पंचावन्न किलोची आहे
आणि चार उन्हाळे पडलीय."

अंथरूण पाहून पाय पसरावेत
हे घर चालवायला ठीक.
इथे आधी पाय मोजायचे, मग अंथरूण.
स्वतःच्या किलोंत तीस-चाळीस मिळव, तेवढे लिटर घे.
ओला सूट, हेल्मेट, जाकीट, यांचं ओझं कोण मोजतं?
आणि हे वितळल्या बर्फाचं गोडं पाणी,
समुद्रासारखं कुणाला पटकन कडेवर घेत नाही.

एकशे तीसकडे पाहून तो हसला.
"दार आहे हे. बिजागऱ्या तेवढ्या राहिल्या.
अगं सेराईना, सार्डिनियाला मी तरुणपणी
याच्या निम्म्या फळीवर शीड घेऊन उभा राहायचो."

तेव्हा तू निम्मा होतास, असं मी म्हटलं नाही.
दिली त्याला निळी. बोट तयार ठेवली.

गुडघे टेकले
आणि फळी खाली गेली,
गाजावाजा न करता, लिफ्टसारखी.
कमरेइतक्या पाण्यात बसलेला माणूस,
हातात फडफडणारा केशरी पंख,
चेहरा असा, की आपण इथे मुद्दामच थांबलोय.
पुन्हा चढला. पुन्हा लिफ्ट.
तळं पेन्सिलीनं लिहीत नाही.

चाळीस मिनिटांनी आला, ओठ जांभळे.
मी कॉफी दिली, अक्रोडाच्या केकचा तुकडा दिला.
दोन्ही संपवून त्यानं वही ओढली,
ब्याऐंशी खोडलं,
शहाण्णव लिहिलं
आणि खोडरबराचा भुगा फुंकून टाकला.

मग दार काढलं आम्ही, दोघांनी धरून.

त्यावर गुडघे टेकता आले. हात मोकळे राहिले.
हात मोकळे, तर पंखाकडे लक्ष.
एक पाय, मग स्क्रूवाला पाय, शिवी, आणि उभा.
पडला तो. किती वेळा ते मोजलं नाही,
माझी दुसरी गिऱ्हाइकं होती.
पण चारच्या सुमारास सहज मान वर केली
तर फळीच्या पोटाखाली उजेड दिसला.
वीतभर.
खालच्या धातूच्या पंखांनी त्याला उचललं होतं
आणि लाटांचं थपथप थांबलं होतं त्याच्यापुरतं.
एक, दोन, अडीच.
मग पाठीवर, धप्पकन.

साडेपाचला वारा गेला. असाच जातो, निरोप न घेता.
बारक्या फळ्यांवरचे सगळे गळ्यापर्यंत पाण्यात,
त्यांत लदीनाही, ओला पंख ओढत, दात वाजवत.
तिच्या शेजारून दार निघालं,
वर कुर्दीन पालथा, हातांनी वल्हवत,
काठावर यायची काही घाई नसल्यासारखा.

"येऊ का वर?" लदीनानं विचारलं.

त्यानं वल्हवणं थांबवून हिशेब केला.
ओठ हलताना मला काठावरून दिसले.

"बसायला नाही," तो म्हणाला,
"शेपूट धर."