उजवीकडची जागा

रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेटमध्ये
ऑफिसांची शटरं खाली असतात,
रस्ते कुणी पुसून ठेवल्यासारखे.
बंदराच्या बाजूनं ऊन येतं आणि दगडी भिंतींवरून
एकेक मजला उतरतं.
कामाचं ऊन जेमतेम चाळीस मिनिटं,
म्हणून मी जोडप्यांना सहाला बोलावतो.
ही दोघं पावणेसातला आली.

भाविका वैती, वर्सोव्याची.
जयेंद्र, गोदीत फिटर.
साखरपुडा अकरा तारखेला, बॅनर त्याआधी हवा.

पहिल्यांदा सांगतो ते सगळ्यांना सारखंच:
मधोमध उभे राहू नका, मधली जागा पासपोर्टच्या फोटोची.
थोडे कडेला या, आणि जिकडे बघाल
तिकडे मोकळी जागा ठेवा,
नजरेला चार पावलं टाकता आली पाहिजेत.
मागचा दिव्याचा खांब
नवऱ्या मुलाच्या डोक्यातून उगवता कामा नये.
आणि चौकटीची कड सांध्यावर येऊ द्यायची नाही,
मनगटावर नाही, कोपरावर नाही.

"खेकडा मात्र सांध्यावरच मोडतात,"
भाविका म्हणाली, आणि त्या दिवसातलं पहिलं खरं हसली.
माझ्या लेन्सला तेव्हा टोपण होतं.

उजेडासाठी तिला मी त्याच्या उजव्या हाताला उभं केलं.
नाझनीननं रिफ्लेक्टर उचलला,
मी दोन पावलं मागे सरलो, एक डोळा मिटला,
बघतो तर ती डावीकडे.
पुन्हा उजवीकडे आणली.
कमानीखाली, पायऱ्यांवर, बंद बँकेच्या दाराशी,
पाण्यात दाबून सोडलेलं बूच वर यावं
तशी ती हळूच डावीकडे.

मी आवाज चढवला. चढवायला नको होता.
ऊन तळमजल्यावर आलं होतं.

"दादा," नाझनीन माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
"त्याला त्या कानानं ऐकू येत नाहीये.
तुम्ही हाक मारता तेव्हा बघा ना, मान कशी फिरते."

बावीस वर्षं मी माणसं चौकटीत बसवतोय.

जयेंद्रनं सांगितलं, लपवण्यासारखं काही नव्हतं,
टाकीच्या पोटात बसून सहा वर्षं हातोडा,
चपलेचा अंगठा तुटला म्हणावं तितक्या सहज.
भाविका काहीच बोलली नाही,
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग मी कॅमेरा खाली केला आणि म्हटलं, चला, चहा घेऊ.
टपरी रस्त्यापलीकडे.
ती दोघं पुढे, आम्ही सामान घेऊन मागे.
फुटपाथच्या कडेला येताच
ती त्याच्या पाठीवर हात टेकवून मागून फिरली
आणि आपणहून उजवीकडे झाली.

गाड्या उजवीकडून येतात.
हॉर्न त्या बाजूनं वाजतो.

रस्त्यावर एक सायकलसुद्धा नव्हती.
तरी ती मान वळवून बघत होती,
रिकाम्या, उन्हानं भरलेल्या डांबराकडे,
आणि तो सरळ चालत होता,
निश्चिंत, पुढच्या चहाकडे बघत.

पाठमोरा फोटो. समोरचा खांब
थेट जयेंद्रच्या डोक्यातून उगवलेला.
अर्धी चौकट रिकामी.
दुसरा काढायला ऊन उरलं नव्हतं,
आणि पलीकडे पोचताच ती परत डावीकडे गेली होती.

तिला तोच आवडला. जयेंद्रच्या आत्याला
हातांचा बदाम केलेला आवडला होता,
पण भाविका अडून बसली, म्हणून बॅनरला हाच.

अकराला संध्याकाळी वर्सोव्यात हॉलच्या दाराशी पाहिला,
वीस फुटी, चहूबाजूंनी लाइटिंगची माळ.
खांब छापणाऱ्यानं सफाईनं पुसला होता.
आणि उजवीकडची जागा फुकट जात होती म्हणून
तिथं, ती बघते आहे नेमक्या तिथं,
सतरा शुभेच्छुकांचे चेहरे,
गोल गोल कापलेले, खाली नावं,
सगळे तिच्याकडे तोंड करून.