रकाना क्रमांक नऊ

दर्शनीला माती शिकायची आहे.
माती, पाणी, रान, आणि ते राखायचे कसे.
त्याला एक लांबलचक नाव आहे,
नैसर्गिक संसाधन संवर्धन.
चोडणहून रायबंदरला फेरीबोट लागेपर्यंत
मला ते दोनदाच नीट म्हणता आले.

मी मानशीवरचा माणूस.
भरतीला दारे आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात.
माझे काम एवढेच,
ती खोटे बोलत नाहीत ना ते बघायचे,
कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला.
भरती रोज पाऊण तास उशिरा येते.
अर्जाची शेवटची तारीख मात्र जागची हलत नाही.

पहिले कॉलेज पठारावर, सगळे काचेचे.
मे महिन्यात अंगणात कारंजे.
माहितीपत्रकावर एक मुलगी रोप धरून हसते,
नखांत माती नाही.
वर्षाचे एक लाख ऐंशी हजार.
मी ते मनात कोळंबीत मोजू लागलो
आणि टोपल्या संपल्या.
दर्शनीने विचारले, कारंज्याला पाणी कुठले?
मॅडम म्हणाल्या, टँकरचे,
आणि आम्हाला थंड सरबत दिले. सरबत चांगले होते.

दुसरे घाटापलीकडे.
फी ऐकून मी खूश झालो,
मग खोली, मेस, जाण्यायेण्याची बस
एकेक येऊन बाकावर बसली.
टपरीवरचा तिथला एक पोरगा म्हणाला,
तीन वर्षांत एकदा रान दाखवले काका,
बसच्या खिडकीतून.

तिसरे सरकारी. पत्र्याला ठिगळ,
चाळीस मुलांत सहा सूक्ष्मदर्शक,
त्यातला एक आजारी.
पण मागच्या पडवीत बाटल्यांच्या रांगा,
प्रत्येकीत एकेका गावची माती,
चिठ्ठीवर गाव, तारीख, कुणी खणली त्याचे नाव.
आफोन्सो सर अनवाणी आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल.
पाय धुवायच्या आधीच विचारले,
बांधाला भोके कोण पाडतो?

मी तोंड उघडणार, तर ही म्हणाली,
कुर्ल्या, सर. अमावास्येच्या उधाणाआधी बुजवावी लागतात,
पेंढा आणि चिखल, नुसता चिखल धरत नाही.
हे मी हिला कधी शिकवले नव्हते.
ही फक्त बॅटरी धरायची.

फी अकरा हजार. उत्पन्नाचा दाखला आणला तर सहा.
दाखल्यासाठी मामलेदाराकडे तीन फेऱ्या,
तिसऱ्या फेरीला साहेब जेवायला गेलेले,
चौथी धरा.
मला महिन्याला नऊ हजार मिळतात,
आणि लिलावात ज्याने मानस घेतली
त्याच्या मर्जीचे मासे.
जमेल असे वाटते. घरी तसे बोललो नाही अजून,
जमेल म्हटले की काहीतरी मोडते.
बोटीवर हिने फॉर्म मांडीवर घेतला.
रकाना क्रमांक नऊ, वडिलांचा व्यवसाय.
नोकरी, धंदा, शेती, मासेमारी, इतर.
मी म्हटले, मासेमारी लिही.
म्हणाली, मासे ठेकेदाराचे.
मग शेती.
म्हणाली, बांध फुटला त्याला तीन वर्षे झाली,
खारे पाणी शिरले, कोरगुट कुणी पेरला आहे?
मग इतर.
इतर म्हणजे काय, बाबा?
रायबंदर मागे राहिले, कांदळवन जवळ आले,
पेन तिने दातांत धरले होते.

परवा कारकुनाने फॉर्म परत केला.
रकाना नऊ रिकामा, तांबड्या शाईचे गोल.
उद्या शेवटचा दिवस.

आता दोन वाजून वीस मिनिटे. उधाण आहे.
डावे दार पुरते मिटत नाही,
फळीत कुठेतरी काठी अडकली आहे,
मी छातीभर पाण्यात, बोटांनी शोधतो आहे.
वर बांधावर दर्शनी,
काखेत प्लास्टिकच्या पिशवीत तो फॉर्म,
उजेड हलतो आहे, म्हणजे ती वाचते आहे.
बाबा, काय लिहू?
म्हटले, आधी बॅटरी नीट धर.